चिचटोल्याचा स्वच्छ तलाव

१ जून, रविवार. सकाळी ५.४०.
काल निवृत्त झालो. कंपनीने निरोपाला ही डायरी आणि एक भिंतीवरचं घड्याळ दिलं. घड्याळं घरात आधीच तीन आहेत, तेव्हा डायरी वापरायला काढली. पस्तीस वर्षं स्टोअर सांभाळलं. लाइट गेली तरी कुठला बोल्ट कुठल्या रॅकवर आहे ते हाताला ठाऊक. एकच तत्त्व: जिथली वस्तू तिथे. आता या तत्त्वाचा फायदा गावाला मिळाला पाहिजे.

५.५५. चहा झाला.

६.१०. काय करावं?

६.३०. मालन म्हणाली, "झोपा न जी थोडं. आता कायची घाई?" बायकोला माझ्या स्वभावाची अजून कल्पना नाही. लग्नाला तेहतीस वर्षं झाली.

१ जून. रात्री.
दिवसभरात दोन वेळा गावाला फेरी मारली, चारही घड्याळं एका वेळेवर लावली. मालनने आठवण करून दिली की फाटकाला निळा रंग द्यायला मी घेतला होता, २०१६ साली, आणि तो अर्धाच झाला. उद्या पूर्ण करतो. उद्या नक्की.

५ जून, गुरुवार.
पर्यावरण दिन. आमच्या मुलीचा, रुचिताचा फोन. ती नागपूरला पक्ष्यांची गणना करणाऱ्या एका संस्थेत आहे. म्हणाली, मागच्या वर्षी आपल्या तलावावर सारसाची जोडी चार दिवस उतरली होती. सारस आता आपल्या भागात फारच थोडे उरलेत. यंदा ती जोडी परत आली आणि तिने इथे घरटं केलं तर फार मोठी गोष्ट होईल.
फोन ठेवल्यावर मला एकदम मार्ग दिसला. गावाच्या उत्तरेला एवढा मोठा मामा तलाव, जुना मालगुजारी, पडलाय. त्याच्या पाळीवर, बांधावर, उभं राहिलं की पलीकडे कंपनीच्या धुराच्या चिमण्या दिसतात. शहरातले लोक रविवारी जागा शोधत हिंडतात. आपण तलाव नीट करायचा, सारस आणायचे, लोक आणायचे. 'सारस दर्शन केंद्र, चिचटोला.' नाव तिथल्या तिथे सुचलं. उद्घाटन १५ ऑगस्ट.
रुचिताला परत फोन करून सांगितलं. ती मग म्हणाली, "बाबा, आधी फाटक पूर्ण करा ना." माझी मुलगी मला चेष्टेवारी नेते, पण या वेळी मी तिला एक काम शेवटास नेऊन दाखवणार आहे. हे मी इथे लिहून ठेवतो.

६ जून.
समिती स्थापन केली. अध्यक्ष मी. व्हॉट्सॲप ग्रुप 'चिचटोला तलाव परिवार', सभासद एकशे चार. फाटकाचा ब्रश वाळून लाकूड झालाय. समितीची कामं आधी.

१२ जून, गुरुवार.
तलावात जाऊन आलो. कोरडाच आहे अजून. मच्छीमार सोसायटीचे जागेश्वरभाऊ आणि मालनच्या बचत गटातल्या बाया तिथे वाकून वाकून गाळात काहीतरी खोचत होत्या. मालनही त्यात. मागच्या दोन उन्हाळ्यांत यांनीच तलावातली बेशरमाची रानटी झुडपं मुळासकट काढली आणि तळ नांगरला, हे मान्य. पण आता परत झुडपं लावून राहिले! विचारलं तर जागेश्वरभाऊ म्हणाले, "देवधान हाय जी इस्टोरबाबू. दिघोरीकडून आनलं. पाखरं यातच राह्यते." मला ते सगळे इस्टोरबाबू म्हणतात. आदराने.
देवधान म्हणजे जंगली धान, रानभात. आमच्या धानाच्या बांधीत ते उगवलं तर माझी आई ते उपटून पाळीवर वाळत टाकायची. लहानपणी आईच्या मागे मागे धानातलं निंदण, तण, काढलेलं आहे, मला नका शिकवू. पण वाद घातला नाही. अध्यक्षाने तपशिलात शिरू नये.

२९ जून, रविवार.
भंडाऱ्याहून दुर्बीण आणली. पाळीवर उभं राहून कंपनीची चिमणी बघितली. अगदी हाताला लागेल इतकी जवळ. पक्षी नव्हते.

१३ जुलै.
रोवणा आटोपला, धान लावून झालं. आमची अर्ध्या एकराची बांधी, मालनच्या नावावरची, तलावाच्या पाळीखालीच आहे. या वर्षी मी घरी असल्यामुळे निंदणाची जबाबदारी मी घेतली. मजूर लावायचे नाहीत असं मीच जाहीर केलं. मालन म्हणाली, "नक्की ना?" असं विचारणं मला आवडत नाही.

२० जुलै, रविवार.
मचाण उभारलं. बांबूचं, दहा फूट. वर चढून पहिलं निरीक्षण केलं.
दुपारी मचाण पडलं. मी खाली होतो, म्हणजे मी खाली आलो त्याच वेळी. गुडघा सुजला. डिझाइनमध्ये दोष नव्हता, जमीन ओली आहे.

२७ जुलै.
निंदणाला आज जाणार होतो. गुडघा. शिवाय पेंटरकडे सारसाचं प्लायवूडचं कटआउट करायला दिलंय, साडेपाच फुटी, सेल्फीसाठी. तिकडे लक्ष द्यावं लागलं. पेंटरने सारस कधी पाहिलेला नाही. मीही नाही. मी हातवारे करून समजावलं.

३ ऑगस्ट, रविवार. सकाळी ७.
तलाव भरलाय आणि मला धक्का बसलाय. पाणी कुठे आहे? अर्ध्याअधिक तलावावर हिरवं गवत माजलंय, ते देवधान कमरेएवढं झालंय, मध्ये मध्ये कसली कसली पानं तरंगतात. बारा दिवसांवर उद्घाटन. शहरातला माणूस हे बघायला येणार? त्याला निळंशार पाणी पाहिजे, त्यात चिमण्यांचं प्रतिबिंब पाहिजे. हे तलाव नाही, हे दहा वर्षं न आवरलेलं स्टोअर आहे.
संध्याकाळी मालनला म्हणालो, तलाव साफ करायला लागेल. तिने ताटातून मान वर न करता विचारलं, "आन् बांधी?" बांधीत कचरा, तण, धानाच्या वर गेलाय म्हणे. करतो. ही एक गोष्ट झाली की लगेच.

६ ऑगस्ट.
श्रमदान ठरलं. रविवारी. ग्रुपवर 'परिसर स्वच्छता' एवढाच मेसेज टाकला. गावातून तीन अंगठे आले. कंपनीतल्या जुन्या लोकांना आणि शहरातल्या कॉलेजच्या पोरांना बोलावलं, तिकडून चाळीस नावं आली. गावाला आपल्या माणसाची किंमत नसते.

१० ऑगस्ट, रविवार. रात्री ८.
आयुष्यातला एक मोठा दिवस! लिहिताना हात दुखतोय, पण लिहितो.
सकाळी सातला बेचाळीस माणसं हजर. गावातलं कुणी नाही. बाया सगळ्या शेताशेतांत निंदणाला, मालनसुद्धा दुसऱ्याच्या बांधीत गेलेली. जागेश्वरभाऊ आसगावला पोरीच्या सासरी. बरंच झालं, नाहीतर देवधानावर व्याख्यान ऐकावं लागलं असतं.
पोरांना रांगेत लावलं आणि निंदण कसं काढायचं ते शिकवलं: बुडाशी धरायचं, तिरपं ओढायचं, मूळ ठेवायचं नाही. आई आठवली. दुपारपर्यंत सगळं देवधान काठावर. तलाव असा लख्ख की चिमणीतला धूरही पाण्यात दिसतो.
एक विशेष. देवधानाच्या अगदी मध्ये, गुडघाभर पाण्यात, गवताचा एक ढीग होता. खाटेएवढा. कुणीतरी कचरा उपटून तिथेच टाकून दिला होता. आमच्या लोकांची सवय, जिथली वस्तू तिथे कधी ठेवायची नाही. पोरं थकली होती. म्हटलं, सरका. मी स्वतः तीन खेपांत तो ढीग उचलून काठावर आणला. शेवटची खेप डोक्यावर घेतली तेव्हा अंकुशने (कॅन्टीनचा) फोटो काढला. फोटो छान आलाय. ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं: 'सुरुवात स्वतःपासून.'
हेही लिहायला हवं की आम्ही काम करत असताना पलीकडच्या पाळीवर दोन मोठे पक्षी सारखे ओरडत होते. उंच, करड्या रंगाचे. दुर्बीण घरी राहिली. मोठे बगळे असावेत. सगळं काम संपेपर्यंत ओरडत राहिले. श्रमदानाचा उत्साह पक्ष्यांपर्यंत पोचला, असं मी समारोपाच्या भाषणात म्हणालो. टाळ्या पडल्या.

११ ऑगस्ट.
फोटोला एकही अंगठा नाही. एकशे चार सभासद. नेटवर्क गेलेलं असणार.
मालन काल रात्रीपासून बोलत नाही. तिचं डोकं दुखत असेल.

१४ ऑगस्ट, गुरुवार. दुपारी.
रुचिता आली. न सांगता आली, उद्घाटनाला एक दिवस आधी. मला वाटलं मदतीला. पाळीवर गेली आणि नुसती उभी राहिली. मी कटआउट दाखवलं. पेंटरने मान जरा जाड केलीय आणि पाय लाल करताना वरपर्यंत लाल गेलाय, पण लांबून चालेल. ती कटआउटकडे बघेचना.
मग तिने मोबाईल काढून मला एक फोटो दाखवला. दुसऱ्या कुठल्यातरी तलावाचा. गुडघाभर पाण्यात उभं गवत, मध्ये गवताचा ढीग, खाटेएवढा, आणि ढिगावर बसलेला सारस.
म्हणाली, सारस झाडावर घरटं करत नाही. पाण्यात असं गवत ओढून ओढून दोघं मिळून ढीग रचतात, त्यावर अंडी. जागेश्वरकाकांनी सात तारखेला फोन करून सांगितलं होतं की आपल्या तलावात जोडीने ढीग लावायला घेतलाय, कुणाला सांगू नको, गर्दी होईल. आता तो ढीग नाही.
"बाबा, तुम्हाला काही दिसलं होतं का?"
मी म्हटलं, नाही.

१४ ऑगस्ट. रात्री ११.
नाही म्हणालो. का म्हणालो ते कळत नाही. तोंडातून आलं.
अंडी नव्हती. मी नीट आठवून पाहिलं. तीनही खेपांत नव्हती. वरचं गवत तर ताजं होतं.
उद्घाटन झालं की सांगतो.

१५ ऑगस्ट, शुक्रवार.
उद्घाटन पार पडलं. शहरातून तीन कुटुंबं आणि आमचे कंपनीतले काही. तलाव निळा दिसत होता, ते मला अपेक्षित होतंच. सगळ्यांनी कटआउटसोबत फोटो काढले. एका सहा-सात वर्षांच्या मुलीने विचारलं, काका, पक्षी कुठे आहेत? मी म्हटलं, लवकरच. ती पाण्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, पण ते बसतील कुठे? तिच्या आईने तिला ओढून नेलं.
रुचिता संध्याकाळच्या गाडीने परत गेली. जाताना फक्त नमस्कार केला. त्यापेक्षा बोलली असती तर बरं.

१६ ऑगस्ट, शनिवार.
वनरक्षक अंजू मॅडम आल्या. घरटं कुणी मोडलं त्याची चौकशी. समितीचा अध्यक्ष म्हणून माझ्याकडून लेखी मागितलं. मी लिहून दिलं. भाषा जरा सावध ठेवली: 'अज्ञात इसमाने, बहुधा जाळे टाकण्याच्या सोयीसाठी, सदर ढीग हलविला असावा.' 'असावा' लिहिलंय. 'असावा' म्हणजे आरोप नव्हे.

१८ ऑगस्ट, सोमवार.
चौकशी होईपर्यंत तलावात जाळं टाकायला बंदी. मॅडमचा नाइलाज, त्यांच्यासमोर माझाच कागद आहे. मॅडमनी जागेश्वरभाऊंना बोलावून विचारलं. त्यांनी एवढंच सांगितलं, "मी त्या दिवशी गावात नोहतो, मॅडम." बाकी कुणाचं नाव घेतलं नाही. सोसायटीची सतरा घरं आहेत. त्यांची जाळी पाळीवर वाळत घातलीत. त्या बाजूने फिरायला जाणं आज टाळलं.
मालनने आज निंदणाचं नाव काढलं नाही. काल, परवाही नाही. तिला माझ्या जबाबदाऱ्यांची जाणीव झालेली दिसते. उलट मीच म्हटलं, उद्या बांधीत जाऊन येतो, तर घाईघाईने म्हणाली, "राहू द्या जी. तुमचा गुडघा हाय. बांधीकडे जाऊच नोका." गुडघा केव्हाचा बरा झाला. चांगली बाई आहे.

१९ ऑगस्ट. पहाटे ४.
झोप नाही. ठरलं, आज सांगतो.

१९ ऑगस्ट. रात्री.
आज सांगायला जागेश्वरभाऊंच्या घरापर्यंत गेलो. ते अंगणात फाटकं जाळं शिवत बसले होते. जाळं टाकायला बंदी असताना शिवत होते. मला बघून म्हणाले, "या न इस्टोरबाबू, बसा. च्या घ्या." मी चहा घेतला. पावसाबद्दल बोललो. परत आलो. निदान सुरुवात झाली.

२० ऑगस्ट, बुधवार.
चारही घड्याळं परत लावली. एक दोन मिनिटं मागे पडतं. घरभर फेऱ्या मारल्या. मालन म्हणाली, "बसा एका जागी. तुमच्या पायाले काय झालं?" बसलो. उठलो.
रुचिताला सांगायचा मेसेज लिहिला. चार ओळी. तिसऱ्या ओळीत मचाण पडल्याचं कारण आलं, ते काढलं. मग दुसरी ओळ निरर्थक वाटली. पुसला.

२२ ऑगस्ट, शुक्रवार. पोळा. रात्री.
सांगितलं.
बैल सुटल्यावर समाजमंदिरात तलावाची बैठक होती. जागेश्वरभाऊ, मालनच्या गटातल्या बाया, सोसायटीची माणसं, अंजू मॅडम. मी अध्यक्षाच्या खुर्चीवर. कागदावर दोन पानी निवेदन लिहून नेलं होतं, 'परिस्थितीचे अवलोकन करता' असं सुरू होणारं. उभा राहिलो आणि पहिलंच वाक्य वाचवेना. कागद घडी करून खिशात टाकला आणि म्हणालो, तो ढीग मी उचलला. घरटं आहे हे मला कळलं नाही. पण नंतर कळलं, तरी मी खोटं लिहून दिलं. जागेश्वरभाऊंचा यात काही दोष नाही.
वाटलं होतं आता आरडाओरडा होईल. काहीच झालं नाही. बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. गटातल्या चंद्रभागाबाईंनी पदर तोंडाला लावला.
जागेश्वरभाऊ म्हणाले, "माहीत हाय जी."
मी विचारलं, कसं?
"फोटो पायला न आमी. तुमीच तं टाकला. डोक्यावर घेऊन उभे हा."
एकशे चार सभासद. सगळ्यांच्या मोबाईलमध्ये मी, डोक्यावर सारसाचं घरटं, खाली 'सुरुवात स्वतःपासून'. रुचितालाही तिच्या आईने त्याच रात्री पाठवला होता. ती मला विचारत होती तेव्हा तिला सगळं माहीत होतं. तरी विचारलं.
मी जागेश्वरभाऊंना विचारलं, मग तुम्ही मॅडमना का नाही सांगितलं? जाळी बंद होती तुमची.
ते म्हणाले, "वाटलं दोन-चार दिसात तुमीच सांगान. मानूस चांगला हाय, म्हनलं, थांबू. तं बारा दिवस लावले तुमी, बापा!" मग हसले. हसले म्हणून मला जास्त लागलं. त्यांच्या जागी मी असतो तर दुसऱ्या दिवशी मेमो काढला असता.
अंजू मॅडमनी माझा जुना कागद रद्द करून नवा लिहून घेतला. माझ्याकडून, माझ्याच शब्दांत. 'असावा' कुठेही येऊ दिला नाही. जाळी उद्यापासून सुरू.
अध्यक्षपदाचा राजीनामा दिला. तो घ्यायला कुणी हात पुढे केला नाही. अशी समिती आहे हे बऱ्याच जणांना माहीतच नव्हतं.

२३ ऑगस्ट.
रुचिताला फोन केला आणि सांगितलं. ती रडली थोडी. मी फोन धरून बसलो. मग म्हणाली, "ठीक आहे बाबा. सांगितलंत ना." मीही रडलो, हे इथे लिहायला हरकत नाही, ही डायरी कुणी वाचत नाही.
आता एकच. तलाव गेला, केंद्र गेलं, पण एक काम मी या बोटांनी शेवटास नेऊ शकतो. उद्या पहाटे उठून बांधीचं निंदण काढणार. अर्धा एकर, एकट्याने, एका दिवसात. मालनला सांगणार नाही. संध्याकाळी नेऊन दाखवीन.

२४ ऑगस्ट, रविवार. दुपारी १.
अंथरुणातून लिहितोय. डाव्या दंडाला पट्टी.
पहाटे साडेपाचला बांधीत उतरलो. कचरा इतका की धान कुठलं आणि गवत कुठलं कळेना. आईचं नाव घेऊन एका कोपऱ्यापासून सुरू केलं. बुडाशी धरायचं, तिरपं ओढायचं. वीस-पंचवीस हात पुढे गेलो असेन. समोर, अगदी मधोमध, धान आणि गवत उपटून रचलेला ढीग. खाटेएवढा.
मी थांबलो. आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या गोष्टीला हात लावायच्या आधी थांबलो, हे नमूद करतो.
ढिगावर काहीतरी करडं हललं. मान वर आली. वर, वर, माझ्या छातीच्या वर. लालभडक डोकं. पेंटरने केलेलं काहीच जुळत नव्हतं. आणि मागून दुसरा पंख पसरून धावत आला, तो थेट माझ्यावर. मी चिखलात उताणा पडलो. त्याने दंडावर चोच मारली आणि ओरडला; आवाज माझ्या ओळखीचा. श्रमदानाच्या दिवशीचा. उत्साहाचा नव्हता तो.
पाळीवरून मालन ओरडत होती, "मांगं या! हात लावू नोका कशाले! तसेच मांगं मांगं या!" सरपटत बाहेर आलो.
घरी येऊन पट्टी बांधताना तिने सांगितलं. तलावातलं देवधान गेल्यावर जोडी दोन दिवस भिरभिरली आणि आमच्या बांधीत उतरली. पंचक्रोशीत न निंदलेली तेवढी एकच बांधी होती. सोळा तारखेला तिने पाहिलं. वीसला अंडी, दोन. जागेश्वरभाऊंना माहीत, गटातल्या सगळ्या बायांना माहीत, रुचिताला माहीत. अंजू मॅडमना कालपासून माहीत.
मी विचारलं, आणि मला का नाही सांगितलं?
म्हणाली, "तुमाले सांगतलं असतं तं तुमी मंडप टाकला असता."
बराच विचार केला. टाकला असता.

२५ ऑगस्ट, सोमवार.
बांधीच्या पाळीवर बैठक. रुचिताही आली. अंडी एकतीस दिवस उबवतात, नर-मादी पाळीपाळीने. तोवर बांधीत कुणी उतरायचं नाही. फलक लागला: 'संरक्षक शेतकरी: मालनबाई'. सातबारा तिच्या नावावर. मॅडम तिला म्हणाल्या, तुम्ही बांधी निंदली नाही म्हणून हे घडलं, आभार. बांधी न निंदणारा मीच, हे मी मॅडमना स्पष्ट केलं. त्यांनी ते लिहून घेतलं नाही.
तलावात देवधान परत लावायला बाया पुढच्या उन्हाळ्यात उतरणार. नेतृत्व करण्याची तयारी दाखवली. चंद्रभागाबाई म्हणाल्या, "तुमी चहा पाठवजा." कटआउट जागेश्वरभाऊंनी मागून नेलं. जाळी ठेवायच्या खोपडीला दार नव्हतं, ते झालं.
मलाही काम मिळालं. पाळीवर मोहाच्या झाडाखाली दिवसभर बसायचं आणि बघ्यांना लांबून परत पाठवायचं. मी विचारलं, आणखी काय करू? कुंपण? सूचना फलक? वेळापत्रक?
जागेश्वरभाऊंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "काईच नोका करू जी. तेवढंच करा."
रुचिता माझ्याकडे बघत होती. मी हो म्हणालो.

२६ ऑगस्ट. पहिला दिवस. संध्याकाळ.
सकाळी ६ ते संध्याकाळी ६. काही केलं नाही. चौदा वेळा उठलो, चौदा वेळा बसलो. शहरातून दोन मोटरसायकली आल्या, परत पाठवल्या. एकाने विचारलं, इथे सारस दर्शन केंद्र कुठे आहे? मी म्हटलं, माहीत नाही.

२७ ऑगस्ट. दुसरा दिवस. संध्याकाळ.
काही केलं नाही. मस्टरवर नुसती हजेरी लावायचं काम पस्तीस वर्षांत इतकं अवघड वाटलं नव्हतं.
दुपारी ४.१० ला दुर्बिणीतून बघताना ढिगावरची एक काडी घसरून पाण्यात पडलेली दिसली. हात शिवशिवले. उठलो. बसलो.
४.२५ ला नराने चालत येऊन ती उचलली, दोनदा फिरवून बघितली आणि ढिगावर ठेवली. जिथली तिथे.
उरले चोवीस दिवस.